आधी हात, मग पाटी

अंगणवाडी हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. गावाकडे आजीच्या घराजवळ एक असते, शहरात वस्तीच्या तोंडाशी एक असते. बाहेर सरकारी पाटी, भिंतीवर फळाभाज्यांची चित्रं, आत वजनकाटा आणि खिचडीचा वास. पण ‘अंगण’ आणि ‘वाडी’ हे दोन शब्द एकत्र आले कुठे, हे कधी शोधलंत? शोधायचं असेल, तर पश्चिम रेल्वेने डहाणूच्या बाजूला यायला हवं. आधी समुद्रकाठचं बोर्डी गाव बघायचं आणि मग कोसबाडची टेकडी चढायची.

त्या टेकडीवर अनुताई वाघ राहिल्या. बालशिक्षणातलं मोठं नाव. डी.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला विचारा, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतो. पण आज आपण अनुताईंकडे जरा वेगळ्या बाजूने बघणार आहोत. त्यांच्या शाळेत पाटी-पेन्सिलच्या आधी पाणी यायचं. मुलांचे हात, तोंड, नखं, केस हा तिथला पहिला तास होता. हा पहिला तास म्हणजे नुसती टापटीप नव्हती. डहाणू-तलासरीसारख्या भागात त्यावर लहान मुलांचा जीव अवलंबून असतो. कसा, ते बघू.

मोरगावची मुलगी

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकातलं पहिलं मोरगाव, तेच. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. संसार म्हणजे काय हे कळायच्या आधीच मुलगी विधवा झाली. अशा मुलीचं पुढे काय व्हायचं, हे तेव्हा ठरलेलं असे. कोपऱ्यातली खोली, घरकाम आणि उरलेलं सगळं आयुष्य. अनुताईंच्या बाबतीत तसं झालं नाही. त्या शिकल्या, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात शिकवलं आणि मग पुण्याच्या हुजूरपागा शाळेत अकराएक वर्षं नोकरी केली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

म्हणजे वयाच्या पस्तिशीत त्यांच्याकडे पुण्यात पक्की नोकरी होती. आजच्या भाषेत सांगायचं, तर ‘सेटल’ झालेल्या. नेमकी तेव्हाच त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली.

ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, मुंबईत दादरला शिशुविहार उभं केलं होतं. मॉन्टेसरी पद्धत शहरातल्या सुखवस्तू घरांपुरती राहू नये, खेड्यात आणि गरिबाच्या घरी पोचावी, ही त्यांची धडपड. त्यासाठी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्यांना हाताशी माणूस हवं होतं. अनुताई पुणं सोडून बोर्डीला गेल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याच मुलखात राहिल्या.

शाळा अंगणात गेली

बोर्डीत बालवाडी उघडली, मुलंही आली. पण कोणाची? ज्यांच्या घरी सकाळी अंघोळ घालायला, कपडे बदलायला आणि शाळेपर्यंत सोडायला कोणीतरी होतं, त्यांची. दलित वस्तीतली, मजुरांची मुलं येईनात. आईबाप पहाटे कामावर जायचे. मागे राहायची ती पोरं आणि त्यांच्या कडेवरची त्यांच्याहून धाकटी पोरं.

दोघींनी मग उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल. वस्तीतल्या एखाद्या अंगणात, झाडाखाली बालवाडी भरायला लागली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. आज देशभर ते वापरलं जातं.

पण अंगणात गेल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल? मळलेले अंग, गळणारी नाकं, वाढलेली नखं, गुंता झालेले केस. इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे आईला बोलावून स्वच्छतेवर व्याख्यान द्यायचं. दुसरी म्हणजे बादली घ्यायची आणि कामाला लागायचं. अनुताईंनी दुसरी निवडली. मुलांना स्वतः अंघोळ घातली, केस विंचरले, नखं कापली. मग गाणी, गोष्टी, खेळ. हळूहळू मुलं स्वतःच हातपाय धुऊन येऊ लागली. एकमेकांची नखं बघणं हाही खेळ झाला.

नखाखाली काय असतं?

आता जरा विज्ञानाकडे वळू, कारण अनुताईंच्या बादलीची खरी किंमत तिथे कळते.

लहान मुलांच्या जुलाबामागे अनेक जंतू असतात. रोटासारखे विषाणू असतात आणि जिवाणूही असतात. ई-कोलायचे काही प्रकार, सालमोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, पटकीचा व्हिब्रिओ आणि आव पाडणारा शिगेला. हा शिगेला १८९७ मध्ये कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाने आवेच्या मोठ्या साथीत शोधला. त्याच्याच नावावरून जिवाणूचं नाव पडलं.

शिगेलाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पटकी व्हायला साधारणपणे खूप मोठ्या संख्येने जंतू पोटात जावे लागतात. म्हणून ती बहुतेक वेळा दूषित पाण्यातून, अन्नातून येते. शिगेलाला मात्र १० ते १०० जंतू पुरतात. एवढे जंतू नखाच्या कडेखाली आरामात बसतात. म्हणजे विहीर स्वच्छ असली, पाणी गाळून-उकळून घेतलं, तरी शिगेला एका मुलाच्या हातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ शकतो. पोटातला आम्ल रस एरवी बरेच जंतू मारतो, पण हा त्यातूनही तगतो. मोठ्या आतड्यात पोचला की आतल्या अस्तरात घुसतो. तिथे सूज येते, जखमा होतात. मग ताप, पोटात मुरडा आणि शौचातून शेंबूड-रक्त. घरातली माणसं त्याला रक्ती आव म्हणतात.

हे सगळे आजार फिरतात त्या वाटा मात्र सारख्याच आहेत. आजारी माणसाच्या विष्ठेतले जंतू निरोगी माणसाच्या तोंडात जायचे, एवढाच त्यांचा प्रवास. त्यासाठी पाच वाहनं: हात, माश्या, पाणी, माती आणि अन्न. यातलं सर्वांत स्वस्तात थांबवता येणारं वाहन म्हणजे हात. साबणाने हात धुण्याची सवय लागली की जुलाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून बघितल्यावर दिसलं आहे. लस नाही, यंत्र नाही. साबण, पाणी आणि सवय.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, असं आपल्याकडे सर्रास मानतात. ती अंगणाच्या कडेला टाकतात, हात नुसते पाण्याने खळबळतात. प्रत्यक्षात बाळाच्या शीमध्येही तेवढेच धोकादायक जंतू असू शकतात. बाळाला धुतल्यावर साबणाने हात धुवायचे आणि शी संडासात टाकायची. हे आईला जितकं माहीत हवं तितकंच ताईला.

ताईच्या कडेवरचं बाळ

ताईला का, हे कळायला आता कोसबाडला जाऊ.

१९५६-५७ च्या सुमारास ताराबाई आणि अनुताईंनी आपलं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. कुडाच्या भिंतींची घरं, भातशेती, जंगल आणि पोटासाठी दूरवरची मजुरी. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला तो २०१४ मध्ये.

इथे अंगणात शाळा नेऊनही प्रश्न सुटला नाही. मोठी मुलं गुरं घेऊन रानात जायची. मग शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली. ती कुरणशाळा. मुली येत नसत, कारण कडेवर धाकटं भावंडं असायचं. मग त्या भावंडासाठी पाळणाघर, त्याच्याहून मोठ्यासाठी बालवाडी आणि ताईसाठी प्राथमिक शाळा, असं सगळं एकाच आवारात आणलं. हा विकासवाडीचा प्रयोग. शिकवायला महागडी साधनं नव्हती. बिया, शिंपले, पानं, काड्या, माती यांतूनच मोजणं आणि अक्षरं शिकवली गेली.

शिक्षणाच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपते. पण तुम्ही ती आरोग्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचा. सात-आठ वर्षांची ताई दिवसभर बाळ सांभाळते. त्याला धुते, पुसते, नंतर त्याच हाताने भाकरीचा तुकडा मोडून त्याला भरवते, आपणही खाते. वर सांगितलेला १० ते १०० जंतूंचा हिशेब इथे लावून बघा. बाळाचं आजारपण ताईला आणि ताईचं बाळाला, असा जंतूंचा प्रवास घरातल्या घरात पुरा होतो. ही ताई शाळेत येऊन हात धुवायला शिकली, तर एका मुलीपुरता तो धडा राहत नाही. तिच्या कडेवरचं बाळही त्यात आलं. आईला शिकवायला पाड्यावर रात्री जावं लागेल, पण घरात दिवसभर आईचं काम करते ती ही ताई. आणि ती विकासवाडीत रोज समोर बसलेली होती.

पाण्याचं काय?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, सोपं आहे की, हात धुवा म्हणायचं! डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये जाऊन बघा, मग कळेल.

या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण खडकाळ उतारावरून ते पाणी वाहून समुद्राला मिळतं. उन्हाळा लागला की अनेक पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. बायका डोक्यावर दोन-तीन हंडे घेऊन दूरच्या झऱ्याला, नदीतल्या डबक्याला जातात. त्या हंड्यातलं किती पाणी प्यायला, किती भाताला, किती गुरांना आणि किती हात धुवायला? गरिबाला स्वच्छता आवडत नाही, असं शहरात बसून म्हणणाऱ्याने एकदा तो हंडा उचलून बघावा.

मग पाऊस सुरू होतो. उघड्यावरची सगळी घाण पहिल्या सरींबरोबर उघड्या विहिरीत, झऱ्यात उतरते. माश्या वाढतात. जून-जुलैत गॅस्ट्रोच्या साथीच्या बातम्या येतात, त्या या क्रमाने. ग्रामपंचायतीने पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकायची असते ती याचसाठी. तुमच्या गावात ती पडते का, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घरात करता येण्यासारखंही बरंच आहे. प्यायचं पाणी चांगली उकळी फुटेपर्यंत तापवायचं, एक मिनिट तसंच खळखळू द्यायचं आणि झाकून ठेवायचं. माठात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं. पाणी कमी असेल, तर डब्याला खाली भोक पाडून बारीक धारेचा नळ करायचा, थोडक्या पाण्यात हात स्वच्छ निघतात. साबण नसेल, तर वेळेपुरती चुलीतली राख चालते, पण साबण सगळ्यांत चांगला. हात धुवायचे तीन प्रसंग ठरवून टाका: शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, आणि स्वयंपाकाला, जेवायला किंवा भरवायला बसण्याआधी. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. दूषित पाणी पोटात जायचा रस्ताच त्यामुळे बंद होतो.

मूल आजारी पडलंच तर

जुलाबात मूल दगावतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. लहान शरीरात साठाच थोडा, त्यामुळे काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बंगालमधल्या बनगावला सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजायला सुरुवात केली, तेही नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच ओआरएस आज आशाताईंकडे आणि अंगणवाडीत फुकट मिळतं.

एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी, असं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नव्हे. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०.

शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी थांबली, मूल पेंगुळलं किंवा पाणी पिईना, तर ताबडतोब दवाखाना. भगताकडे न्यायचं की डॉक्टरकडे, यावर घरात वाद चालू असेल, तर तोवर हातातला पेला चालू ठेवा आणि दवाखान्याच्या वाटेवरही पाजत राहा. आणि दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या? अजिबात नको. रक्ती आव किंवा पटकी असेल, तर डॉक्टर ती तपासून देतील आणि सांगतील तितके दिवस घ्यायची. एरवीच्या बहुतेक जुलाबांत तिचा उपयोग नसतो. उगाच घेत राहिलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. शिगेलाच्या बाबतीत हे आधीच घडतं आहे.

एकदा बरं झालं की संपलं, असंही नाही. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही. ते कुपोषित होतं, कुपोषित मूल पुन्हा लवकर आजारी पडतं. पालघरच्या कुपोषणाच्या बातम्या वाचताना ताटातल्या अन्नाबरोबर हंड्यातल्या पाण्याचाही विचार करा.

टेकडीवरून

अनुताई शिकायच्या थांबल्या नाहीत. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी.ए. झाल्या. एटीकेटी लागली म्हणून कॉलेज सोडायचा विचार करणाऱ्यांनी हे वय जरूर लक्षात ठेवावं! १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, कोसबाडचा भार अनुताईंवर आला. १९८२ मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था सुरू केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्यांचं निधन झालं. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन कॉलेजच्या ग्रंथालयात शोधा, सापडेल.

येत्या हिवाळ्यात तुमचं एनएसएसचं शिबिर तलासरीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या पाड्यावर जाईल. स्वच्छतेवर पथनाट्य ठरेल, घोषणा तयार होतील. ते करा, मजा येते. पण जाण्याआधी तिथल्या अंगणवाडीच्या सेविकेला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: मुलांच्या हात धुवायला पाणी कुठून येतं, आणि साबण कोण आणतं. ते पाणी दूरवरून येत असेल, तर शिबिराच्या सात दिवसांतला एक दिवस पथनाट्याऐवजी पाण्याची टाकी आणि नळ बसवण्याला द्या. शेवटच्या दिवशी मुलांबरोबर नळाखाली हात धुवा आणि मग त्यांच्याच पंगतीत खिचडी खायला बसा.